पांढऱ्यावरचं पांढरं

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि सांगायला आनंद वाटतो की सध्या माझा जीव भांड्यात पडलेला आहे. बरेच दिवस तो टांगणीला लागला होता. एरवी मी मुका. माणसं माझ्यासमोर येतात, हसतात, पोट आत ओढून उभी राहतात, पोरीच्या लग्नात डोळे पुसतात, आणि मी फक्त खट् करतो. पण पोटात इतकं साठलं आहे की आता बोलल्यावाचून राहवत नाही. तेव्हा जरा बसा, ऐका, आणि तेवढी माझ्या काचेला बोटं लावू नका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पहिला हात, पांढरकवड्याच्या सदाशिवरावांचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना पाखरांचा नाद लागला होता. मला गळ्यात अडकवून ते तलावाच्या काठी जाऊन बसायचे आणि बसूनच राहायचे. पाखरू ऐनवेळी उडून गेलं तरी रागावायचे नाहीत. "त्याले त्याचं काम हाय," एवढंच म्हणायचे. घरी आल्यावर मऊ फडक्याने मला पुसायचे आणि ओल धरू नये म्हणून माझ्या डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायचे. असे लाड पुढे माझ्या वाट्याला कधी आले नाहीत.

सदाशिवराव नेहमी रॉ फोटो काढायचे. आता रॉ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण सारं रामायण त्यावरूनच घडलं. माझ्या काचेतून उजेड आत येतो. तो जसा आला तसा सगळा, बारीकसारीक छटांसकट, मी जपून ठेवला की त्याला रॉ म्हणतात. ही फाइल अंगाने जाडजूड. दिसायला मरगळलेली. मोबाइलवर ती धड उघडतही नाही. तिला कॉम्प्युटरवर घेऊन तिच्याशी बसून बोलावं लागतं. दुसरी तऱ्हा म्हणजे जेपेग. तिच्यात मी क्षणभरात स्वतःच ठरवतो की यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, मग उरलेलं दाबून-दुबून सुटसुटीत, चकचकीत फोटो तयार करतो. तो पटकन उघडतो, पटकन पोचतो, थोड्या जागेत मावतो. जेपेग वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी एकदा फेकलेलं मलाही परत आणता येत नाही, हे मात्र खरं.

पुढे सदाशिवरावांचे गुडघे कुरकुरू लागले. तलावाची वाट त्यांना झेपेना. तेव्हा त्यांनी मला बाभुळगावच्या गोपालच्या हवाली केलं. देताना म्हणाले, "याले दोन खण हायेत गोपाल, दोन्ही वापरत जाय." म्हणजे कार्ड ठेवायच्या दोन जागा, एक वर आणि एक खाली. गोपालने मान डोलावली. त्याचं निम्मं लक्ष तेव्हाच मोबाइलवर होतं.

गोपाल माणूस वाईट नाही. घरची थोडी शेती, कपाशी आणि तूर, ती भाऊ पाहतो; गोपालचा जीव लग्नाच्या फोटोंमध्ये. उंच, बोलका, मांडवात शिरला की नवरदेवाच्या मावशीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना हसवणारा. त्याची बायको निशिगंधा यवतमाळला जाऊन फोटोचं कॉम्प्युटर शिकून आलेली. तो फोटो काढायचा, ती अल्बम करायची. दोघांचं गुण्यागोविंदाने चालायचं. फक्त रॉ आणि जेपेग हे दोन शब्द निघाले, की त्या स्टुडिओत सासुरवास सुरू व्हायचा.

"हे कच्चं काहून ठेवाचं?" गोपाल म्हणायचा. तो रॉला कच्चं म्हणे. "लोकाले फोटो नवरी सासरी पोचाच्या आंधी मोबाइलवर पायजे. तुह्या कच्च्यानं कॉम्प्युटर धापा टाकून राह्यलं."

"हे सरकीसकट कापूस हाय," निशिगंधा म्हणायची. "जिनिंगमधून निघाला का सरकी गेली. मंग तुमी कापसाची गाठ पेरून पाहा, काही उगवते का."

"पेराचं कोनाले हाय? आपल्याले इकाचं हाय."

असा तो संवाद रोज. शेवटी तडजोड झाली. वरच्या खणात जेपेग जायचं, ते गोपालचं. खालच्या खणात रॉ जायचं, ते निशिगंधाचं. एकाच क्षणाची मला दोन-दोन पोरं सांभाळावी लागायची, पण माझी काही तक्रार नव्हती. मला दोन्ही प्यारी.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकायची. आमच्याकडे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फोटो गोरा आला पायजे." नवरी सावळी असो, नवरदेव काळाभोर असो, आजोबा उन्हात करपलेले असोत, सगळ्यांना फोटोत गोरं व्हायचं असतं. म्हणून गोपालने काय केलं होतं, तर माझं उजेड कमी-जास्त करायचं चाक एक घर वर चढवून त्यावर चिकटपट्टी मारून टाकली होती. चाक हलूच नये! हळदीची पिवळी साडी, लाल शालू, हिरवा चुडा, हे रंग एवढा जास्तीचा उजेड सोसून घेत. चेहरे उजळत, लोक खूश होत, गोपालचं नाव होई. माझीही तारीफ व्हायची. "गोपालचा कॅमेरा गोरा हाय," असं लोक म्हणत. ऐकून हसावं की रडावं ते मला कळत नसे.

अशात उन्हाळ्यात मोनालीचं लग्न आलं.

मोनाली म्हणजे डोमाजीकाकांची मुलगी. बाभुळगावच्या बसस्टँडजवळ एका पत्र्याच्या ओसरीत डोमाजीकाकांचं शिवणयंत्र आहे. गावातल्या अर्ध्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांच्याच हातचे. त्यांची बायको शीलामावशी काज-बटणं करते. घर बौद्धांचं, लग्न बौद्ध पद्धतीचं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, दोन्हीकडचे वऱ्हाडी बहुतेक पांढऱ्यातच. समोर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, निळा पडदा, आणि मांडवाच्या फटींतून आत येणारं भर दुपारचं ऊन.

गोपालने आधी अशी लग्नं केली नव्हती असं नाही. पण पांढऱ्यात काय आहे, असा विचार त्याने कधी केला नव्हता. पांढरं ते पांढरं.

नवरी तयार होऊन खोलीत बसली होती. डोमाजीकाका गुडघ्यावर बसून तिच्या साडीचा काठ सारखा करत होते. गोपाल मला घेऊन आत शिरला, आणि मी पाहिलं. मित्रांनो, मी कितीतरी शालू पाहिले, जरी पाहिली, पण तसं काही पाहिलं नव्हतं. पांढऱ्या सुती साडीवर पांढऱ्याच रेशमाने पिंपळाची पानं काढलेली. काठभर, पदरभर. एक पान दुसऱ्यासारखं नाही. कुठलं वाऱ्याने वळलेलं, कुठलं नुकतं फुटलेलं, कुठल्याची शेपटी लांब. लांबून पाहिलं तर साडी साधी. हातभर जवळ आलं आणि उजेड आडवा पडला की रेशीम चमकायचं आणि सगळा पिंपळ जागा व्हायचा. आखा हिवाळा काकांनी त्यावर घालवला होता, यंत्र न लावता, हाताने.

"गोपाल, बाप्पा," काका जरा लाजतच म्हणाले, "साडीचा एक जवळून घेजा."

"घेतो ना काका, असा घेतो का पाहात राहा!" गोपाल म्हणाला आणि त्याने पदराजवळ जाऊन खट् केलं. चाक एक घर वरच होतं. मी दोन फोटो केले, एक वरच्या खणात आणि एक खालच्या.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले, टाळ्या पडल्या. जेवणावळीत नवरदेवाकडची एक बाई दुसरीला म्हणाली, "बाप शिंपीकाम करते अन् पोरीले अशी साधी साडी?" डोमाजीकाका शेजारीच पाणी वाढत होते. त्यांनी ऐकलं. ते नुसते हसले आणि पुढच्या पानावर गेले. मी माझ्या पट्ट्याला लटकून तिथेच होतो. मला वाटलं, थांबा हो बाई, अल्बम येऊ द्या.

अल्बम आला. आणि अल्बममध्ये सगळं पांढरंच पांढरं! चेहरे गोरे, दात गोरे, आणि नवरीच्या अंगावर चुना दिलेली भिंत. जवळून घेतलेला तो फोटो तर गोपालने अल्बममध्ये लावलाच नाही. "याच्यात काहीच नाई आलं," म्हणाला. जास्तीच्या उजेडात पांढऱ्या छटा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, आणि जेपेग करताना मी त्यांना एकच छटा समजून बाकीच्या फेकून दिल्या होत्या. तसाच माझा धर्म आहे. चाक तिथे अडकवलं तर मी दुसरं काय करणार?

डोमाजीकाकांनी अल्बम पाहिला. "मस्त हाय," म्हणाले. साडीबद्दल चकार शब्द काढला नाही. साडी तर घरात आहे, फोटोचं काय एवढं, असं त्यांनी मनाशी म्हटलं असावं.

त्याच सुमारास गोपालच्या घरचं भांडणही निकाली निघालं. लग्नसराईत कॉम्प्युटर अडकून बसला, डबा भरला. डबा म्हणजे हार्ड डिस्क, ज्यात निशिगंधा सगळ्या लग्नांचे रॉ उतरवून ठेवायची. दारात दुसरं गिऱ्हाईक उभं. गोपालने वैतागून जाहीर केलं, "आता हे कच्चं बंद. जेपेग अन् फक्त जेपेग!" माझं खालचं दार त्याने त्यानंतर उघडलंच नाही. वरचं कार्ड दर लग्नाआधी पुसून कोरं व्हायचं, खालचं तसंच पडून राहिलं. निशिगंधाला वाटलं, गोपालने ते पुसून ठेवलं असेल. गोपालला वाटलं, निशिगंधाने काढून ठेवलं असेल. नवरा-बायकोच्या संसारात असं किती काय राहून जातं.

मग एके दिवशी सकाळी शीलामावशी स्टुडिओत आल्या. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले.

"जयभीम मावशी, या ना," गोपालने खुर्ची पुढे केली.

मावशी बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगू लागल्या. मोनाली माहेरपणाला आली होती. साडी सोबत आणली होती. लग्नाच्या जेवणात तिच्यावर वांग्याच्या भाजीचा रस्सा सांडला होता, त्याचा डाग राहिला होता. काका गणवेशाचं कापड आणायला यवतमाळला गेलेले. मावशीला वाटलं, ते यायच्या आत साडी लखलखीत करून ठेवू. पांढऱ्या कपड्याला काय धोका? विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर घरात होती. ती पाण्यात कालवली आणि साडी भिजत घातली.

"डाग गेला," मावशी म्हणाल्या, "अन् पानं बी गेली."

मित्रांनो, ब्लिचिंग सुताला पांढरं करतं, पण रेशीम खाऊन टाकतं. टाका न् टाका विरघळून पाण्यात गेला होता. साडी वाळवून इस्त्री केली तशी सुईची भोकंसुद्धा मिटली. आता ती खरंच साधी साडी झाली होती.

"काका काही बोलले का?" निशिगंधाने विचारलं.

"बोलले अस्ते तं बरं झालं अस्तं माय. म्हने, जाऊ दे शीला, कपडाच होता. अन् मंग गप. लोक ब्लाउजवर फूल काढाले आनतात तं म्हन्तेत, मले जमत नाई. अन् काल मले काय इचारतेत, म्हने, शीला, मी खरंच काढलंतं का ते? का मनातच होतं? कोनीच तं पायलं नाई. गोपाल, बापू, एक फोटो दे मले. एकच. त्याच्यात पानं दिसली पायजेत."

गोपालने तो जवळून घेतलेला फोटो उघडला. निशिगंधाने उजेड खाली ओढला, आणखी ओढला. पांढरी भिंत राखाडी झाली, एवढंच. जे फेकलं होतं ते फेकलंच होतं.

"याचं रॉ काढा," निशिगंधा म्हणाली. "डब्यात हाय ना."

गोपालने खाली पाहिलं. "डबा मी साफ केला," तो हळूच म्हणाला. "अल्बम देऊन झालता. म्हटलं, आता कायले ठेवाचं?"

मावशी थोडा वेळ त्या राखाडी फोटोकडे पाहत राहिल्या, मग पदराने तोंड पुसून निघून गेल्या.

मी कपाटात होतो. काचेच्या दारातून सगळं पाहत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, माझ्या पोटात आहे ते! खालचं दार उघडा! पण मला तोंड कुठे आहे? माझ्या जन्मात इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

गोपालला मनातून फार लागलं होतं. पण माणसाला लागलं की तो आधी दुसऱ्यावर ढकलतो. नाचता येईना, अंगण वाकडं. "या कॅमेऱ्यातच दम नाई राह्यला," तो निशिगंधाला म्हणाला. "जुना झाला. पांढरं त्याले दिसतच नाई." मला दिसत नाही! सगळ्या मांडवात ती पानं नीट पाहिली ती मी एकट्यानेच, आणि आंधळा ठरलो तोही मीच. गोपालने मला विकायचं ठरवलं.

मला पाहायला महागावचे खेमसिंग आले. तेही फोटोच काढतात, तांड्यावरची लग्नं आणि बारशी करतात. शांत माणूस. त्यांनी मला हातात घेतलं, डोळ्याला लावलं, काच उजेडात धरून पाहिली, बटणं दाबली. चाकावरची चिकटपट्टी पाहून "हे काय वो?" म्हणाले. गोपाल म्हणाला, "काही नाई, सवय हाय." मग खेमसिंगांनी माझ्या कुशीतलं खालचं दार उघडलं.

"गोपालभाऊ, खालच्या खनात कार्ड हाय तुमचं."

"असन जुनं कोरं. राहू द्या तुमालेच."

"मंग कोरं करून पाहतो, खन चालते का नाई ते कळन," खेमसिंग म्हणाले, आणि त्यांनी पुसायचा हुकूम दिला.

आता ऐका. आम्हा कॅमेऱ्यांना आयुष्यात एकच प्रश्न विचारायची परवानगी असते. कोणी सगळं पुसायला निघालं की आम्ही पडद्यावर विचारतो, नक्की पुसू का? बाकी कशावर आमचं मत कोणी विचारत नाही. त्या दिवशी मी तो प्रश्न ज्या जिवाच्या आकांताने विचारला, तसा कोणत्याच कॅमेऱ्याने विचारला नसेल.

खेमसिंगांचा अंगठा थांबला. "भाऊ, कोरं नाई हे. याच्यात फोटो दाखवते. पुसू?"

"पुसा ना," गोपाल दारात आलेल्या गिऱ्हाइकाला अल्बमचे नमुने दाखवता दाखवता म्हणाला.

निशिगंधा आतून चहा घेऊन येत होती. तिने ट्रे टेबलावर जवळजवळ आपटला. "थांबा दादा! पुसू नका! कोनाचे फोटो हायेत?"

खेमसिंगांनी अंगठा उचलला. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. त्यांनी फोटो पुढे सरकवले, निळा पडदा दिसला, मेणबत्त्या दिसल्या, आणि मग मोनालीचा पदर.

गोपाल धावत आला. माझ्या पडद्यात वाकून त्याने पाहिलं आणि त्याचे खांदे पडले. "हे बी पांढरंच हाय."

खरंच होतं ते. मित्रांनो, रॉचं एक दुर्दैव आहे. माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर मी रॉसुद्धा जेपेगचाच मुखवटा चढवून दाखवतो. आत काय आहे ते तिथे दिसतच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणाला दोष देऊ? एवढ्यावर त्यांनी मला बंद केलं असतं, तर सगळं संपलं असतं.

"मुखडा पाहून काय होते?" निशिगंधाने कार्ड ओढून काढलं. "उघडून तं पाहू द्या."

कॉम्प्युटर कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. शेवटी फोटो उघडला. पांढरा. निशिगंधाने उजेडाची पट्टी हळूहळू खाली ओढायला घेतली. पांढरं जरा बसलं. आणखी ओढली. पदराच्या कोपऱ्यात एक रेघ उमटली. मग दुसरी. मग एका पानाचं टोक, त्याची शीर, त्याच्या शेजारचं वळलेलं पान. गोपालने तोंडावर हात धरला. दारातलं गिऱ्हाईकही आत येऊन उभं राहिलं. पिंपळ पुरता उभा राहीपर्यंत चहावर साय धरली.

"होतं याच्यात," गोपाल म्हणाला. पुन्हा म्हणाला, "सारं होतं याच्यात." आणि त्याने मला उचलून छातीशी धरलं. त्याचं काळीज किती धडधडत होतं ते मला माझ्या पाठीतून कळत होतं. खेमसिंग हसून म्हणाले, "भाऊ, मी दुसरीकडं पाहतो. असा कॅमेरा कोनी इकते का?" चहा मात्र पिऊन गेले.

गोपाल स्वतः मोटारसायकलवर जाऊन डोमाजीकाकांना आणि मावशीला घेऊन आला. काका यायला तयार नव्हते. गळ्यातला टेप काढायचंही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं, तसेच आले. निशिगंधाने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. मोठ्या पडद्यावर पदर पसरला होता.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग पडद्याला नाक लागेल इतके पुढे सरकले आणि बोटाने एकेका पानावरून जाऊ लागले. मावशी मागे उभ्या होत्या, दोन्ही हात घट्ट धरून. बोट जात होतं, जात होतं, आणि एका पानावर थांबलं.

"हे पाह्य शीला," काका म्हणाले आणि चक्क खुदकन हसले. "हे पान उलटं गेलंतं. साऱ्यायचे देठ खाली, याचं वर. त्या रोजी लाइट गेलती, तवा काढलंतं. सकाळी पायलं अन् उसवाचं ठरवलं, मंग राहूनच गेलं."

"काका, मी सुलटं करून देऊ का?" निशिगंधाने विचारलं. "कॉम्प्युटरवर होते ते. कळनार बी नाई कोनाले."

"नोको पोरी." काकांनी हात असा पुढे केला, जणू कोणी खरंच उसवायला कात्री घेतली होती. "तेच तं माहं हाय. मनात काढलं अस्तं, तं सारेच पानं सुलटे अस्ते."

मावशीला रडू फुटलं. पण ते त्या सकाळचं रडू नव्हतं. काका उठले आणि त्यांनी आपला गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला, काय करावं ते न सुचून. मग म्हणाले, "मोनालीले फोन लाव. तिच्या सासूले बी दाखव म्हन, जवळून."

काकांनी पुन्हा रेशीम हातात घेतलं आहे. ब्लाउजवरची फुलं आता त्यांना जमतात. मावशी रात्री शांत झोपतात, असं त्या स्वतः निशिगंधाला सांगून गेल्या. गोपालने लग्नांसाठी नवा कॅमेरा आणला, आणि मी निशिगंधाच्या टेबलावर आलो आहे. त्यांच्यातलं भांडण अजून होतं, पण आता ते निराळं आहे. नमुन्याचे, पासपोर्टचे, गमतीचे फोटो जेपेगमध्ये खुशाल काढावेत. आणि जे पुन्हा घडणार नाही त्याचं रॉही ठेवावं, यावर दोघांचं एकमत आहे. काय पुन्हा घडणार नाही, यावर मात्र अजून वाद चालतो. ऐकताना मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या हातातही माझी भावंडं आहेत. त्यांच्यात जागा कमी पडते, मला ठाऊक आहे. हलकं-फुलकं हवंच, पटकन पोचणारंही हवं. पण कोणाची मेहनत तुमच्याकडे मूळ रूपात राहिली असेल, तर ती पुसण्याआधी ज्याच्या हातची आहे त्याला एकदा दाखवा. आमच्या काचा पुसा, आम्हाला ओलीपासून जपा, आणि वरवर पांढरं दिसतं म्हणून आत काही नाही असं समजू नका. उघडून पाहा. आणि आत एखादं पान उलटं निघालं, तर कृपा करून ते सुलटं करू नका.